ट्रक पुलाखाली अडकला की चूक कुणाची?

चार्ल्सकाठी:
परवा १ सप्टेंबर. बॉस्टनमधले बहुतेक भाडेकरार त्याच तारखेला बदलतात, त्यामुळे आमचं अर्धं ऑलस्टन (बॉस्टनचाच एक भाग) गाद्या-कपाटं घेऊन फुटपाथवर आलेलं असतं. आणि दरवर्षी न चुकता कुणीतरी भाड्याचा ट्रक स्टॉरो ड्राइव्हवर घालतो आणि पुलाखाली टप सोलून घेतो. नदीकाठचा हा रस्ता १९५१चा, ट्रकना बंदी, उंचीची मर्यादा १० फूट. रॅम्पवर 'फक्त कार'च्या पाट्या लोंबतात. तरी बाबा पुढे जातोच! इथे या प्रकाराला 'स्टॉरो होणे' असं क्रियापदच पडलंय. माझ्या मते चूक शंभर टक्के चालकाची. पाटी वाचायची नसेल तर स्टिअरिंगला हात लावू नये.

वाचाळ:
असहमत. दरवर्षी तीच चूक, माणूस मात्र नवा. मग दोष माणसात कसा? इथे २६ फुटी ट्रकसुद्धा कारच्या लायसनवर भाड्याने मिळतो. आयुष्यभर सेडान चालवलेल्याला आपल्या डोक्यावर अजून काही आहे हे सुचतच नाही. फोनवरचा नकाशाही त्याला कारच समजतो आणि इमानेइतबारे स्टॉरोवर नेऊन सोडतो.

आकडेमोड:
वाचाळ, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा ग्रेगसन स्ट्रीटचा रेल्वेपूल बघा. उंची ११ फूट ८ इंच. तिथे २०१६ मध्ये सेन्सर बसवला: उंच गाडी आली की सिग्नल लाल होतो आणि 'वळा' अशी अक्षरं पेटतात. पठ्ठ्यांनी सिग्नल तोडून टप फोडलं. २०१९ मध्ये पूल ८ इंच उचलून १२ फूट ४ इंच केला. त्यानंतरही आपटतायत. आता बोला.

वाचाळ:
बोलतो की. तिथे पुलाच्या अलीकडे जाड लोखंडी तुळई आहे, रुळांना धक्का लागू नये म्हणून. तीच टप फाडते. म्हणजे पूल वाचवायची सोय झाली, ट्रक वाचवायची नाही. आणि रस्ता खाली का नेत नाहीत? खालून जुनी सांडपाण्याची वाहिनी जाते म्हणून. चालकाचा काय संबंध?

सिडनीची_माई:
आमच्या हार्बर टनेलला वेगळाच उपाय आहे. उंच ट्रक दिव्यांना जुमानत नाही असं दिसलं की बोगद्याच्या तोंडाशी पाण्याचा पडदा पडतो आणि त्यावर भलंमोठं 'थांबा' दिसतं. पाण्याच्या भिंतीत गाडी घालायला कुणी धजावत नाही. पाटीपेक्षा भीती बरी.

खोपोलीकर:
आमच्या घरात तीस वर्षं ट्रान्सपोर्टचा धंदा, म्हणून बोलतो. तुम्ही सगळे पाटीवरचा आकडा खरा धरून चाललात. आपल्याकडे रेल्वेच्या पुलाखालच्या रस्त्यावर डांबराचा थर चढतो, पाटी मात्र तीच राहते. दुसरं म्हणजे भरलेला कंटेनर आरामात जातो आणि माल उतरवून तोच रिकामा परत येताना अडकतो, कारण स्प्रिंगचे पाटे मोकळे झाले की गाडी वर उचलते. असा ट्रक मी स्वतः टायरची हवा सोडून काढलाय. सगळ्या चाकांची थोडी थोडी सोडायची, एकाच बाजूची सोडली तर गाडी कलून आणखी घट्ट बसते. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. ड्रायव्हर बिचारा घामाघूम, आणि पब्लिक मोबाइल काढून उभं! पुलाच्या बरंच आधी, जिथे गाडी वळवता येईल अशा जागी लोखंडी हाइट गेज, म्हणजे पुलाइतक्याच उंचीची कमान, उभा करा. कमानीला घासलं तर ताडपत्री फाटेल, माणूस वाचेल. पुलाला चिकटून उभा केलेला गेज काय कामाचा?

चार्ल्सकाठी:
खोपोलीकर, तुमचा ड्रायव्हर धंदेवाईक, त्याच्याबद्दल मान्य. पण इथे दहा दहा फुटांवर सूचना असतात हो! भाड्याच्या ट्रकच्या केबिनमध्येसुद्धा उंचीचा स्टिकर असतो.

तो_मूर्ख_मीच:
गेली चार वर्षं फक्त वाचतोय, आज लिहावंच लागेल. एमएस करताना ट्रक बुक केला. ॲपवर लिहिलं होतं '१५ फूट'. रूममेट म्हणाला, १० फुटी घे, स्टॉरोची मर्यादा १०च आहे. मीही घेतला. नंतर काउंटरवर कळलं की तो आकडा मागच्या खोक्याच्या लांबीचा! उंचीचा स्टिकर होता, पण त्यावर रूममेटने फोनचा स्टँड चिकटवला होता. रॅम्पवर लोंबती पाटी टपावर थाडकन आपटली तेव्हा ब्रेक मारला. पोलिसाने मागची रहदारी थांबवून रिव्हर्समध्ये बाहेर काढलं. एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

आकडेमोड:
म्हणजे पाटीने काम केलं. चार्ल्सकाठी बरोबर.

वाचाळ:
आणि पाटी कपाळावर आपटेपर्यंत कुणालाच काही कळलं नाही. मी बरोबर.

चार्ल्सकाठी:
@तो_मूर्ख_मीच, विम्यातून काही मिळालं?

तो_मूर्ख_मीच:
टपाचं नुकसान त्यात धरतच नाहीत. करारात बारीक अक्षरात होतं. ते मी नंतर वाचलं.