हिडिंबा टेकडी की प्रवरेश्वर? संग्रहालयाच्या पाटीवर गावाच्या गोष्टीला जागा असावी का?

रामटेकचा मास्तर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात सातवी-आठवीची पोरं घेऊन नागपूरला अजबबंगल्यात गेलो होतो. सरकारी नाव मध्यवर्ती संग्रहालय, स्थापना १८६३ची, पण आमच्याकडे म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे अजबबंगलाच म्हणतात.

पहिला अर्धा तास पोरं नुसती पुढे पळत होती. पाटीवर वस्तूचं नाव, काळ आणि सापडल्याचं ठिकाण. वाचून होतं न होतं तोच पुढच्या कपाटाकडे. मग मी त्यांना थांबवून गुंगेरियाची गोष्ट सांगितली. आज मध्य प्रदेशात असलेल्या बालाघाट भागात १८७० साली गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीतून धातूचा एक तुकडा डोकावताना दिसला. खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. त्यातला काही भाग नागपूरला आला, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. "गुरं चारणाऱ्या पोरांना" हे शब्द कानावर पडताच वर्गातली गुरांमागे जाणारी चार पोरं माझ्याजवळ सरकली. त्यानंतर प्रत्येक वस्तूपाशी एकच प्रश्न: सर, हे कोणाले सापडलं?

परतीच्या वाटेवर एका मुलीनं विचारलं, आपल्या मनसरचं काय? मनसरला १९७२ साली सापडलेली ती प्रसिद्ध मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, हे मी तिला सांगितलं. गोल पोटाची, बसलेली, केसांची अशी गुंफण की सोनारानं घडवावी. दीड हजार वर्षांपूर्वी इथं राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या काळातली. तिथल्या पाटीवर मनसर हे नाव असणार. पण ज्या मातीतून ती निघाली तिथले लोक तिथल्या टेकडीला काय म्हणतात, काय सांगतात, हे दिल्लीत उभ्या असलेल्या माणसाला कसं कळणार?

माझं म्हणणं सरळ आहे. वस्तूचा काळ आणि वंश लिहाच, पण त्याखाली दोन ओळी गावाच्या असाव्यात. कोणाला सापडली, गाव त्या जागेला काय म्हणतं, तिथली गोष्ट काय. गावाचं बोलणं पुसून फक्त वस्तू नेली, तर निम्मा इतिहास मातीतच राहिला असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत सांगा. विरोध असेल तर तोही सांगा.

जुनी वीट (नागपूर)

सर, पोरांना नेलंत याबद्दल आधी आभार. पण माझा विरोध आहे, आणि स्पष्ट सांगतो. मी पुरातत्त्व शिकलो आहे.

कोणाला सापडली हे लिहायला माझी काहीच हरकत नाही, ती नोंद आहे. हरकत गोष्टीला आहे. मनसरच्या टेकडीला गाव म्हणतं "हिडिंबा टेकडी". १९९८ पासून जगतपती जोशी आणि अ. के. शर्मा यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा विटांचं प्रचंड बांधकाम उघडं पडलं. मुद्रांवर, म्हणजे जुन्या शिक्क्यांवर, प्रवरेश्वराचं नाव मिळालं. म्हणजे वाकाटक राजा प्रवरसेनाशी जोडलेलं देवस्थान. आता पाटीवर "प्रवरेश्वर" आणि "हिडिंबेचं घर" शेजारी शेजारी लिहिलंत, तर पोरगं घरी जाऊन काय सांगेल? हिडिंबाच सांगेल. गोष्ट नेहमी जिंकते, म्हणूनच तिला पाटीवर घेताना भीती वाटते.

दुसरं, आणि माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं. नगरधन तुमच्याच तालुक्यात आहे. तिथं कोणालाही विचारा, भोसल्यांचा किल्ला सांगतील. प्रभावतीगुप्ताचं नाव गावाच्या गोष्टीत कुठं आहे? दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, नवरा रुद्रसेन वारल्यावर लहान मुलांच्या वतीनं वाकाटकांचं राज्य चालवणारी राणी. तिनं नंदिवर्धनहून, म्हणजे याच नगरधनहून, ताम्रपट दिला. अलीकडच्या उत्खननात नगरधनला तिच्या नावाची मातीची मुद्रा निघाली. एवढी मोठी बाई गावाच्या आठवणीतून साफ गेली होती. तिला परत आणलं ते ताम्रपटानं आणि मातीच्या एका गोळ्यानं. गोष्टींवर भिस्त ठेवली असती तर ती कधीच सापडली नसती.

मनसरवाला

दादा, मी मनसरचाच. शिकलो दहावीपर्यंत, पन टेकडी रोज पाह्यतो म्हनून बोलतो.

माही आजी सांगे का, तिथल्या विटा पाह्य, एवढ्या मोठ्या विटा मानसाच्या हाताच्या असू शकते का? त्या हिडिंबेच्या घरच्या. अन् तिथली वीट घरी आनाची नाही, आनली का घरात आजार येते. आमच्या आवारात एकानं चूल कराले दोन विटा आनल्या होत्या, त्याच्या मायनं त्याले रातीच परत ठेवाले लावल्या.

आता तुम्ही सांगा. आजीले वाकाटक माहीत नोहते. पन विटा मोठ्या आहे, आजकालच्या नाही, अन् त्याले हात लावाचा नाही, हे तिले माहीत होतं. तुमी सायेब लोक खोदाले आले तवा तुमाले विटा जाग्यावर भेटल्या, त्या काहून भेटल्या? आजीच्या भीतीनं भेटल्या. मंग तिचं नाव पाटीवर काहून नको?

पेंचकाठ

मनसरवाले भाऊ, तुमच्या आजीला नमस्कार. पण गोष्ट राखते तशी खोदायलाही लावते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या गावाबाहेर एक पडकं देऊळ आहे. "देवाच्या पायाखाली सात रांजण मोहरा" ही गोष्ट आम्ही लहानपणी ऐकत झोपायचो. काही वर्षांपूर्वी एका अमावास्येला कोणीतरी रात्रीतून खड्डा खणला. मोहरा नव्हत्याच, असत्या तरी काय. मूर्तीचे दोन तुकडे झाले. सकाळी गावातल्या बाया रडत होत्या. ते तुकडे आजही शेंदूर लावून पिंपळाखाली ठेवले आहेत.

१८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचं जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आमच्या गावात हे कोणालाच माहीत नव्हतं. गुप्तधनाची गोष्ट मात्र पाळण्यातल्या पोरालाही माहीत. म्हणून मास्तर, पाटीवर कोणती गोष्ट घेणार आणि कोणती गाळणार, हे कोण ठरवणार ते आधी सांगा.

रामटेकचा मास्तर

पेंचकाठ, तुमचा प्रश्न मला रात्रभर सलत होता. गुप्तधनाच्या गोष्टीला पाटीवर जागा नाही, हे मी बिनशर्त मान्य करतो.

जुनी वीट, प्रभावतीगुप्ताबद्दलही तुमचं खरं आहे. पण जरा उलट बाजूनं बघा. गाव तिला विसरलं कारण तिची मुद्रा, तिचे ताम्रपट यांबद्दल गावात येऊन कोणी बोललंच नाही. नंदिवर्धनहून दिलेला तो ताम्रपट अभ्यासात "पुणे ताम्रपट" म्हणून ओळखला जातो. नगरधनच्या पोरीला त्या नावावरून कसं कळावं की हे आपल्या गावचं आहे? गावाकडून गोष्ट घेत नाही आणि गावाला गोष्ट देतही नाही, अशी दोन्हीकडून तूट आहे. माझ्या वर्गातल्या पोरीनं नगरधनच्या किल्ल्यात उभं राहून "इथून एका बाईनं राज्य चालवलं" असं आपल्या आईला सांगावं, एवढीच माझी हौस आहे.

रिद्धपूरकर

थोडक्यात सांगतो. प्रभावतीगुप्ताचा दुसरा ताम्रपट आमच्या रिद्धपूरचा, अमरावती जिल्ह्यातला. रामगिरिस्वामीच्या चरणांपासून, म्हणजे तुमच्या रामटेकहून दिलेला. तो महानुभाव महंतांकडे होता. त्यावरची अक्षरं वाचता येत नसतानाही पवित्र म्हणून जपला गेला. अभ्यासकानं वाचला, पण त्याच्या हाती पडेपर्यंत मठानं राखला. दोघांपैकी एकाचंच नाव घेऊ नये.

सेवाग्राम रोड

मी वर्ध्याची. सगळं वाचलं. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, दुसरी जास्त महत्त्वाची.

पवनारला विनोबांच्या आश्रमात शेत खणताना जुनी शिल्पं निघाली. अभ्यासक वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असं मांडलं. त्यातलं भरत-रामाच्या भेटीचं शिल्प आश्रमातच आहे. विनोबांनी त्याला देव मानलं, अभ्यासकांनी वाकाटक शिल्प मानलं. तिथं गेलं की मला दोन्ही एकत्र दिसतं आणि कधीच गोंधळ झाला नाही. कारण शिल्प आपल्या धाम नदीच्या काठावरच आहे.

आता दुसरी. तुम्ही सगळे राजाराणीबद्दल बोलताय. आमच्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ ला केलं, आणि तिथं ठेवलं काय तर चरखे, खादी, गावातल्या कारागिरीची अवजारं. ज्या वस्तू बघणाऱ्याच्या घरात होत्या त्याच. माझी आजी तिथल्या चरख्यापाशी उभी राहून अर्धा तास बोलत होती. पाटी वाचायची तिला गरज पडली नाही. मास्तर, रामटेकच्या पानमळ्यात बरई लोक पिढ्यान्‌पिढ्या पानवेल जपत आले. मनसर, कांद्रीच्या खाणीत बायांनी मॅंगनीज फोडलं, डोक्यावर वाहिलं. त्यांच्या टोपल्या, हातोड्या, हजेरीची कार्डं कुठं आहेत? शंभर वर्षांपूर्वीच्या राणीसाठी... चुकले, दीड हजार वर्षांपूर्वीच्या राणीसाठी आपण भांडतोय, आणि मागच्या पिढीतल्या बाईची टोपली भंगारात जातेय.

जुनी वीट (नागपूर)

ताई, तुमचं पटलं. आणि एक कबुली देतो. मनसरच्या त्या मूर्तीबद्दल आम्हा अभ्यासकांचंही एकमत नाही. कोणी शिव म्हणतं, कोणी शिवाचा गण. टेकडीबद्दलही तसंच, कोणी तिथं बौद्ध वास्तूही बघतात, बौद्ध आचार्य नागार्जुनाचं नाव घेतात. म्हणजे पाटीवरचं एक वाक्यसुद्धा कोणाचं तरी मत असतं.

तरी माझा मुद्दा मी सोडत नाही. पाटी एकच असेल तर तिच्यावर पुरावाच हवा. गोष्ट वेगळी ठेवा, पण नीट ठेवा: सांगणाऱ्याचं नाव, गाव, वय, तारीख, आणि तिच्याच बोलीत रेकॉर्ड केलेली. "लोक म्हणतात" असं मोघम नको. मनसरवाल्या भाऊंच्या आजीनं विटांबद्दल सांगितलं ते तिच्या आवाजात ऐकायला मिळालं, तर ती आमच्यासाठीही नोंद ठरेल. टेकडी लोकांनी कशी राखली याचा तो पुरावा आहे. हे मी आधी मानत नव्हतो.

रामटेकचा मास्तर

पाटीवरच हवी, हे माझं अजूनही मत आहे. कारण पोरगं पाटीपाशी थांबतं, रेकॉर्ड ऐकायला वेगळं कपाट कोण उघडून देणार? पण संग्रहालय कधी ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर शाळेचा एक वर्ग रिकामा आहे. त्यात जुनी वीट यांच्या पद्धतीनं नोंदी करू, आणि ताई म्हणतात तशा टोपल्या आणि हातोड्याही ठेवू. मूर्ती किंवा पुरातन काही कोणी आणलं तर घेणार नाही. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीची नोंदणी लागते, ते काम सरकारी कार्यालयाचंच.

पहिली नोंद मनसरच्या आजींची करायची आहे. भाऊ, त्या बोलतील का?

मनसरवाला

बोलन ना सर, तिले बोलाले लय आवडते. कानानं कमी आयकू येते, जवळ बसून इचारा लागन. दुपारी जेवल्यावर ओसरीत बसते. बाजाराचा दिस सोडून या, अन् पोट्टे बी आना. अन् सर, माह्या मायची खानीतली टोपली अजून आहे. बूड गेलं तिचं, पन आहे. आनू का?