भाड्याच्या घरात संपाच्या झाकणावरून पाहुणा पडला, खर्च कुणी द्यायचा?

खानापूरवाला: नमस्कार मंडळी, जरा अर्जंट हाय. बाबा वडगावला मावशीकडं गेल्ते, घर भाड्याचं, दारातच पाण्याचा संप, म्हणजे जमिनीतली टाकी हाय, त्यावरचा पत्रा गंजून पार पापड झाल्ता, पाय ठेवल्याबरोबर आत गेला आणि नडगीचं हाड मोडलं, रॉड घातलाय. मावशीनं मालकाला आधीच व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून सांगितल्तं झाकण बदला म्हणून, त्यानं नुसता अंगठा पाठवला. आता म्हणूलाय घर तुमच्या ताब्यात, पाहुणा तुमचा, माझा काय संबंध. मावशीवर खर्च टाकायचा नाही आम्हाला. पोलिसात जावं काय?

गल्लीतला: पहिलं आज जाऊन फोटो काढा ओ, गंजलेली कड, तुटलेला तुकडा, सगळं. उद्या गवंडी आणून नवीन झाकण बसवलं की संपलं. तो पत्रा भंगारात घालू देऊ नका.

वकील बेळगाव: संप एकट्या मावशींचा की सगळ्यांचा?

खानापूरवाला: वर दुसरं बिऱ्हाड हाय, दोघांना मिळून एकच.

वकील बेळगाव: मग तुमची बाजू बरीच भक्कम हाय. इंग्लंडात जागेवर आलेल्या माणसाला इजा झाली तर जबाबदार कोण यासाठी 1957 चा वेगळा कायदा हाय, आपल्याकडं तसा नाही, आपली कोर्टं निष्काळजीपणा बघतात, म्हणजे जागा कुणाच्या हातात, धोका कुणाला माहीत होता, दुरुस्ती कुणी करायची होती. खोलीच्या आतलं भाडेकरूकडं जाऊ शकतंय, पण समाईक संप, जिना, गच्ची मालकानं स्वतःकडं ठेवली असली तर त्याला हात झटकता येत नाहीत. दिल्लीत चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं मेली त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं 1966 ला सांगितलंय की रस्त्याकडेचं बांधकाम धोकादायक झालं तर दोष दिसत नव्हता म्हणून मालक सुटत नाही. तुमच्याकडं तर फोटो पाठवून सांगितलेलं हाय.
पोलिसात भारतीय न्याय संहितेचं कलम 125 लागू शकतं, हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. पण दवाखान्याचा खर्च आणि बुडालेला पगार मागायला दिवाणी दावाच करावा लागतो. आधी वकिलाची नोटीस द्या, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात, नाहीतर लोकअदालत हाय.

घरमालक शहापूर: सगळं मालकावरच कसं? आमच्या अॅग्रीमेंटमध्ये किरकोळ दुरुस्ती भाडेकरूनं करायची असं स्पष्ट लिहिलंय.

वकील बेळगाव: ते तुमच्या दोघांतलं झालं. त्या कागदावर पाहुण्याची सही नाही, त्याचा दावा त्यानं अडत नाही. मालकानं पुढं भाडेकरूकडून वसूल करायचं काय ते बघावं. हां, पत्रा हालतोय हे बाबांना माहीत असून ते चढले असतील तर भरपाई कमी होऊ शकते, ते खरं.

खानापूरवाला: त्यांना काहीच माहीत नव्हतं, पहिल्यांदाच गेल्ते त्या घरी. मावशीचे मेसेज मराठीत हायत, कोर्टात चालतील काय?

वकील बेळगाव: चालतात की, भाषांतर जोडायचं. मोबाईलमधला पुरावा म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागेल, म्हणून मावशींना सांगा मोबाईल बदलू नका आणि चॅट डिलीट करू नका. मुख्य साक्षीदार त्याच हायत.