मालवण ते पुणे: गाडीत ड्राय आइस ठेवलं तर चालेल का?

मालवणी_सून:
रविवारी मालवणहून पुण्याला निघतोय. सासूबाईंनी डीप फ्रीझरमध्ये हापूसचा रस आणि सुरमईच्या तुकड्या गोठवून ठेवल्यात. भावोजी गोव्याहून पाच किलो ड्राय आइस आणतो म्हणाले. गाडी हॅचबॅक, मागे दोन वर्षांची लेक. थर्माकोलच्या बॉक्सला टेप लावून डिकीत टाकला की झालं ना?

बर्फवाला_कोल्हापूर:
ताई, टेप अजिबात नको. आइस्क्रीमच्या धंद्यात हा माल माझ्या रोजच्या हाताखालचा. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो. एका किलोचा पाचशे लिटरच्या वर. झाकण घट्ट बंद केलंत तर बॉक्स फुटेल. स्टीलचा फिरकीचा डबा, थर्मास, पाण्याची बाटली यांत तर चुकूनही नको, त्यांचा बॉम्बच होतो.

पण खरी काळजी लेकीची. हॅचबॅकची डिकी म्हणजे गाडीच्या आतलीच हवा. आत हवा असते तीनएक हजार लिटर, आणि वाटेत दीड-दोन किलो सहज उडतं. लोक फोंडा घाटात धूळ नको म्हणून एसीचं ते गोल बाणाचं बटण दाबतात, म्हणजे तीच हवा आत फिरत राहते. ते बटण बंद ठेवा, बाहेरची हवा येऊ द्या आणि काचा बोटभर खाली. वायू हवेपेक्षा जड, खाली साठतो. डोकं जड झालं, धाप लागली, झोप यायला लागली तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, मग बाकीचं. चहाला थांबलात तरी पोरीला काचा बंद करून गाडीत झोपवू नका.

माझं स्पष्ट मत विचाराल तर लहान मूल असताना ड्राय आइस नेऊच नका. गोठलेला माल घट्ट रचून भरला, मधल्या फटींत वर्तमानपत्र कोंबलं, तर त्याशिवायही आठ-नऊ तासांत फार तर कडेने वितळेल. ताजी सुरमई असती तर साधा फोडलेला बर्फच बरा, ड्राय आइसने ती दगड होते.

सांगेकर:
आणि पोरांना ‘धूर दाखवू’ म्हणून सरबतात टाकू नका. २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात मुखवास समजून लोकांनी तोंडात टाकलं, रक्ताच्या उलट्या झाल्या. बातमी सगळीकडे होती.

मालवणी_सून:
बाप रे. नवरा म्हणतो मग दुसऱ्या गाडीतून दीर नेतील, ते एकटेच आहेत. हाताळायचं कसं? आणि उरलं तर?

बर्फवाला_कोल्हापूर:
ते चालेल, पण काचांचा नियम त्यांनाही तोच. हातात जाड चामडी किंवा कापडी मोजे. भांडी घासायचे पातळ रबरी मोजे उपयोगाचे नाहीत. लादी कागदात गुंडाळून मालाच्या वर ठेवा, गारवा खाली उतरतो. फोडायची झाली तर टॉवेलात घालून, कपच्या डोळ्यात उडतात. कातडीला चिकटलं तर चोळू नका, कोमट पाणी सोडा.

उरलेलं सिंकमध्ये ओतलं की पाइप तडकतो, आणि घरच्या फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही. गच्चीवर बॉक्स उघडा ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही असा. सकाळपर्यंत उडून जाईल.