'सांगत्ये ऐका' वाचलंय का कुणी? पुढं पिक्चरचं काही येतं का?

कडकभाकरी: परवा वाचनालयातून जुन्या नटी हंसा वाडकरांचं आत्मचरित्र 'सांगत्ये ऐका' आणलं, निळ्या रेक्झिनचं बाइंडिंग, शेवटची दोन पानं सुटलेली. आईसाठीच आणलं खरं तर. १९५९ चा अनंत मानेंचा तो पिक्चर तिला तोंडपाठ हाय, रेडिओवर 'बुगडी' लागली की हात थांबतो आणि तव्यावरची भाकरी करपते. मला वाटलं नाव तेच म्हणजे शूटिंगचे किस्से असणार, त्यात हंसाबाई आई आणि जयश्री गडकर मुलगी, कसं केलं, पुण्यात विजयानंद टॉकीजला सव्वाशेच्या वर आठवडे चालला ते सगळं. पण हितं नवरा, आई, दारू, घर सोडणं हेच चाललंय, पिक्चर येता-जाता. आईला वाचून दाखवायलोय आणि नको ती पानं गाळायलोय. पुढं काय हाय का परत करू?

बाळीवेसकर: गाळू नको बे, तेच तर पुस्तक हाय! बाई बोलल्या, अरुण साधूंनी लिहून घेतलं, आधी 'माणूस' मासिकात आलं न मग पुस्तक. म्हणून ते बोलल्यासारखं वाटतं, मधेच काहीतरी आठवतं, मधेच तुटतं. पहिला पिक्चर १९३६ चा, तेव्हा वय तेरा, आणि घर तिच्या कमाईवर. १९७७ चा 'भूमिका' ह्यावरच काढलाय, स्मिता पाटीलला नॅशनल अवॉर्ड मिळालं तो.

जुनाफौजदारचावडी: सोलापूरकर असून सगळे 'बुगडी'वरच अडकले. १९४७ चा 'लोकशाहीर रामजोशी' बघा राव. रामजोशी आपल्या गावचा, पेशवाईतला, तमाशाच्या नादापायी पुराणिक भावानं घराबाहेर काढलेला. जयराम शिलेदार रामजोशी आणि त्यातली तमासगीर बया म्हणजे हंसाबाई. मला विचाराल तर त्यात त्या जास्त भारी हायत, 'सांगत्ये'त सगळं लक्ष गडकरबाईंकडंच जातं.

वन_टेक: नुसते किस्से पाहिजे असतील तर हे पुस्तक नका वाचू. हल्ली नटांच्या आत्मचरित्रात सगळे एकमेकांचे जिवलग मित्र असतात, दिग्दर्शक देवमाणूस, शूटिंग म्हणजे सहल. ते घ्या, टाइमपास होतो.

बाळीवेसकर: @वन_टेक एवढं पण नाही हां, चांगली पण हायत. पण स्वतःची चूक स्वतःच एवढी सरळ सांगणारं मी तरी दुसरं नाही वाचलं. @कडकभाकरी आईंना किती वर्षं झाली? त्यांना झेपंल, तुलाच झेपंना झालंय 😀

कडकभाकरी: आई एकाहत्तर. काल रात्री पकडला गेलो. म्हणे एकदम तीन पानं कशी उलटलीस, मागं जा. गेलो. हंसाबाई गावातल्या वाड्यावर राहायला जातात तिथपासून परत वाचलं, आई शेंगा सोलत ऐकत होती, एकदाच म्हणाली की पंखा कमी कर ऐकू येईना. सोळा पानं झाली. शनिवारी परत करायची तारीख हाय, जाऊ दे, दंड भरतो. आणि रामजोशी कुठं बघायला मिळंल ते टाका कुणीतरी, आईनं विचारलंय.