अनुभवी ट्रकड्रायव्हर बाहेरून घ्यावेत की डॉकवरचीच माणसं तयार करावीत?

मालधक्का

किरकोळ पार्सल मालाचं टर्मिनल आहे. डॉकवर तीन पाळ्या. एका गाडीतून उतरलेला माल त्याच रात्री दुसऱ्या गाडीत चढतो. शहरातल्या उचल-वाटपाला सहाचाकी ट्रक आणि टर्मिनल ते टर्मिनल रात्रीच्या फेऱ्यांना हॉर्स-ट्रेलर (पुढे ओढणारा हॉर्स, मागे सुटा होणारा ट्रेलर). सहा ड्रायव्हर कमी आहेत: चार शहरात, दोन रात्रीच्या लाइनला.

वरिष्ठांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, जाहिरात द्या, पाच-सात वर्षं स्टिअरिंगवर काढलेली माणसं घ्या आणि सोमवारी किल्ली हातात ठेवा. दुसरा म्हणतो, फोर्कलिफ्ट चालवणारी आपली पोरं माल ओळखतात, टिकतातही, त्यांनाच परवाने काढून द्या.

कोण बरोबर हे नका सांगू, तपशील द्या. लोडरचा ड्रायव्हर करायचा तर कोणत्या टप्प्यांनी, आणि गाडी कुठे अडते? बाहेरच्याचा अनुभव खरा की कागदावरचा, हे कसं ओळखायचं? दोन्हींचा खर्च एकाच मापाने कसा मोजायचा?

गिअरबॉक्स

सहा जागा एकत्र मोजू नका. शहरातल्या चार डॉकवरून भरता येतील. रात्रीच्या दोन नाही, निदान पहिल्या वर्षात तरी नाही. वाटपाच्या गाडीवर बराचसा वेळ स्टिअरिंगबाहेरच जातो. बिल्टीशी (मालासोबतच्या कागदाशी) नग जुळवणं, फुटतूट दिसली तर पावतीवर शेरा घेणं, परत आलेला माल बाजूला लावणं, शेवटी उतरायचा नग आधी आत चढवणं. लोडरला हे सगळं येतं. त्याला शिकवायची आहे ती गाडी.

शाळेची फी भरायच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या: नजर, रक्तदाब, साखर, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. तपासणीत बाद होणारा माणूस शिकवून झाल्यावर बाद झाला तर सगळंच पाण्यात.

मग परवान्याचं कॅलेंडर मांडा. भारतात हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असल्याशिवाय ट्रान्सपोर्ट वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. अमेरिकेत शिकाऊ परमिट आणि ड्रायव्हिंगची परीक्षा यांत किमान 14 दिवस जावे लागतात, आणि फेब्रुवारी 2022 पासून नोंदणीकृत संस्थेतलं प्रशिक्षण सक्तीचं आहे. युरोपीय संघात परवान्याखेरीज व्यावसायिक पात्रता वेगळी काढावी लागते, 280 तासांची किंवा संक्षिप्त 140 तासांची. तेव्हा 'तीन महिन्यांत तयार' असं वरिष्ठांना लिहून देण्याआधी आपल्याकडचा नियम वाचा. हलका परवानाच नसलेला पोरगा निवडलात तर अख्खं वर्ष हातचं गेलं. आणि अमेरिकेत परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर परवान्यावर तेवढंच बंधन पडतं. ताफ्यात क्लचच्या गाड्या असतील तर परीक्षाही क्लचच्याच गाडीवर द्यायला लावा.

प्रशिक्षण यार्डातून सुरू करा. पहिले काही आठवडे फक्त आवारात: गाडी डॉकला लावणं, काढणं, ट्रेलर हलवणं. आवारात नवशिक्याने चालवताना झालेल्या नुकसानीला विमा लागू आहे का, हे आधी लेखी घ्या.

इथे एक गोम आहे. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, म्हणून वळताना तिची शेपूट बाहेर फेकली जाते. ट्रक पुढच्या चाकांनी वळतो आणि त्याची मागची चाकं कोपरा आतून कापतात. फोर्कलिफ्टवर हात बसलेला माणूस ट्रक लवकर वळवतो आणि मागचं चाक फुटपाथवर चढतं. दुसरी खोड मान वळवून मागे बघण्याची. ट्रेलरवर त्याचा उपयोग नाही, तिथे आरसेच. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग तळाशी धरायला शिकवा: हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलरची शेपूट जाते.

हवेच्या ब्रेकला पूर्ण दिवस द्या. 8 बारच्या (सुमारे 115 पीएसआयच्या) आसपास प्रेशर भरलं की इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडलेला, चाकाला ठोकळे, पेडल दाबून धरायचं आणि एक मिनिट काट्याकडे बघायचं. अमेरिकी परीक्षेत एकट्या ट्रकला मिनिटाला 3 पीएसआय आणि हॉर्स-ट्रेलरला 4 पीएसआयपेक्षा जास्त घट चालत नाही. मग इग्निशन चालू ठेवून पेडल पुनःपुन्हा दाबून हवा उतरवायची. साधारण 60 पीएसआयला इशारा वाजला पाहिजे आणि 20 ते 45 च्या दरम्यान पार्किंग ब्रेक आपोआप बसला पाहिजे. हे त्याला स्वतःच्या हाताने करू द्या, फळ्यावर नको. पेडल दाबल्यापासून ब्रेक पकडेपर्यंत साधारण अर्धा सेकंद जातो, आणि ताशी 60 किमीला तेवढ्यात गाडी 8 मीटर पुढे गेलेली असते. कार चालवणाऱ्याला हा उशीर ठाऊकच नसतो.

परवाना मिळाला म्हणजे ड्रायव्हर झाला असं नाही. त्यानंतर तीन महिने ठरलेला मार्ग, दिवसा, सहाचाकीच. मग पाऊस आणि रात्र. ट्रेलर त्याच्याही नंतर.

तिरका_आरसा

रात्रीच्या दोन जागांबद्दल सहमत. फक्त 'सोमवारी किल्ली' हेही तितकंच धोक्याचं. सात वर्षांचा अनुभव म्हणजे कधीकधी एकच वर्ष सात वेळा केलेलं असतं.

परवाना माणसाने दाखवलेल्या कागदावर तपासू नका, देणाऱ्या कार्यालयाच्या नोंदीवर तपासा: वर्ग, मुदत, निलंबन. मागच्या तीन वर्षांतल्या प्रत्येक मालकाला फोन करा (अमेरिकेत ही तीन वर्षांची चौकशी कायद्यानेच बंधनकारक आहे). तिथे 'माणूस कसा आहे' हे विचारून काही हाती लागत नाही. 'परत घ्याल का?' आणि 'गाडी अर्ध्या वाटेत सोडून गेला होता का?' एवढे दोन प्रश्न पुरतात.

चाचणी तुमच्या गाडीवर, भरलेल्या गाडीवर, तासभर. रिकाम्या गाडीवर कोणीही चांगलाच दिसतो. सुरुवातीला फक्त 'गाडी बघून घ्या' म्हणा आणि गप्प उभे राहा. टायरला लाथ मारून चढला तर तिथेच निम्मं कळलं. चांगला माणूस चाकांच्या नटांभोवती गंजाचे ओघळ आहेत का बघतो (नट सैल असल्याची ती खूण), टायरच्या आतल्या बाजूला हात घालतो, हवेच्या टाकीतलं पाणी काढतो, गाडीखाली वाकून गळती बघतो, आरसे आपल्या उंचीला लावतो आणि मगच चावी फिरवतो.

रस्त्यावर उताराचा तुकडा असलाच पाहिजे. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी पाडतो की मध्यावर? एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी मंदावणारा) वापरतो की पाय सतत पेडलवर? पेडलवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे ड्रम तापतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक धरेनासे होतात. न्यूट्रलमध्ये उतरवणारा दिसला तर चाचणी तिथेच संपवा.

शेवटी गाडी डॉकला लावायला सांगा. गाडी पुढे-मागे किती वेळा घेतली ते मोजू नका. शंका आल्यावर खाली उतरून बघतो का, यालाच गुण.

ट्रेलरच्या माणसाची जोडणीही बघा. ट्रेलरचं पुढचं टोक फिफ्थ व्हीलपेक्षा (हॉर्सवरच्या जोडणीच्या प्लेटपेक्षा) किंचित खाली हवं, म्हणजे हॉर्स आत शिरताना ट्रेलर थोडा उचलला जातो. टोक वर असेल तर किंगपिन (ट्रेलरखालची जोडणीची पिन) प्लेटमधल्या जबड्याच्या वर बसतो आणि सगळं जोडल्यासारखं दिसतं. ओढून बघितल्यावरही कधीकधी ते टिकतं आणि पहिल्या जोरदार वळणावर ट्रेलर सुटतो. म्हणून ओढून झाल्यावर टॉर्च घेऊन खाली बघायचं: प्लेट आणि ट्रेलर यांत फट नाही ना, आणि जबडा पिनच्या मानेभोवती मिटलाय ना. जो हे न सांगता करतो त्याला घ्या.

आणखी एक. फुल लोडवाला ड्रायव्हर एका जागी भरतो, एका जागी रिकामा होतो. तुमच्याकडे दिवसाला पंधरा-वीस ठिकाणी थांबायचं. 'माल उतरवणं माझं काम नाही' म्हणून अशी माणसं पहिल्या काही आठवड्यांतच जातात. ठिकाणांची संख्या, हाताने उतरवायचे नग, पाळीची वेळ हे जाहिरातीतच लिहा. अर्ज कमी येतील, येऊ देत.

मालधक्का

दोघांचेही आभार, चाचणीचा भाग तसाच उचलतोय. दोन शंका उरल्या. डॉकवरून माणसं निवडायची कोणी? सुपरवायझर म्हणतो यादी मी देतो. आणि शिकवायला कोणाला बसवायचं?

गिअरबॉक्स

यादी एकट्या सुपरवायझरकडे सोपवू नका. त्याच्या पाळीचा कणा असलेला माणूस तो कशाला सोडेल? नकोसा असेल तो पाठवेल. हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे, त्याला दोष नको. खुले अर्ज मागवा आणि निकष आधीच लावून टाका: हजेरी, फोर्कलिफ्टच्या नोंदीतले धक्के, बिल्टी वाचून चूक पकडता येणं, आणि गिऱ्हाइकासमोर तोल न जाणं. सगळ्यात झपाझप फोर्कलिफ्ट चालवणारा हा उमेदवार नव्हेच. त्याची घाईच रस्त्यावर महागात पडते. धक्का लागला की लगेच येऊन सांगणारा पाहा. डॉकवर लपवणारा रस्त्यावरही लपवतो.

शिकवणारा एक आणि शिकणारे दोन, याहून जास्त नको. एक चालवतो, दुसरा मागे बसून बघतो. ताफ्यातला सगळ्यात तरबेज ड्रायव्हर चांगला मास्तर असेलच असं नाही. 'हात बसला की येतं' म्हणणाऱ्याला बसवू नका, कारण सांगू शकणारा शोधा. त्याच्या फेऱ्या कमी होणार, तर त्याचा फेरीभत्ता भरून द्या, नाहीतर तो शिकवणं उरकून टाकेल. आणि ज्याने शिकवलं त्यानेच पास करायचं नाही. शेवटची चाचणी दुसऱ्याने घ्यावी.

हिशेबनीस

खर्चाचं बोलतो. दोन्हीकडचे छुपे आकडे धरले नाहीत तर डॉकवरचा माणूस कायम स्वस्तच दिसतो.

डॉकच्या बाजूला धरा: फी आणि परीक्षा, शिकतानाचा पगार, शिकवणाऱ्याच्या बुडालेल्या फेऱ्या, इंधन, नव्या परवान्यामुळे वाढलेला विमा, पहिल्या वर्षातली घासाघीस (आरसे, बंपर, डॉकचे रबर), आणि सगळेजण विसरतात ते म्हणजे डॉकवर रिकाम्या झालेल्या जागेवर नवा लोडर घेऊन त्याला शिकवणं. चार लोडर एकाच पाळीतून काढलेत तर ती पाळी कोलमडते. चुकीच्या गाडीत चढलेले नग वाढतात, आणि तो खर्च ड्रायव्हरच्या खात्यावर कोणीच टाकत नाही. एका पाळीतून एका वेळी एकच काढा.

बाहेरच्याच्या बाजूला: जाहिरात किंवा एजन्सी, चाचण्यांत गेलेले दिवस, माणूस मिळेपर्यंत उभी गाडी किंवा भाड्याची गाडी, तुमचा मार्ग आणि कागद शिकायचे पहिले दोन-तीन आठवडे. वर पगारातला फरक. नव्याला जास्त दिलं हे जुन्या ड्रायव्हरांना आठवड्यात कळतं आणि मग वाढ सगळ्यांनाच द्यावी लागते. हा आकडा एकट्या नव्याच्या पगारापेक्षा मोठा निघू शकतो.

आता भागाकार. एकूण खर्चाला घेतलेल्या माणसांनी भागू नका, वर्षानंतर टिकलेल्यांनी भागा. समजा सहा लोडर शिकायला बसवले, चार पास झाले, वर्षाअखेर तीन उरले: भागाकार तीनने. सहा बाहेरचे घेतले आणि वर्षाअखेर दोन उरले तर तिथे दोनने. तुमच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या हजेरीपटावरून हा टिकण्याचा आकडा काढता येईल, अंदाज लावायची गरज नाही.

बॉण्डबद्दल कोणी विचारलं नाही, पण ते येणारच. शिकवून झाल्यावर सोडून गेला तर पूर्ण फी वसूल, असा बॉण्ड बऱ्याच ठिकाणी कायद्यापुढे टिकत नाही आणि टिकला तरी माणसं अर्जच करत नाहीत. वसुलीची रक्कम दर महिन्याला चोविसाव्या भागाने घटत जाईल असं ठेवा. त्याच जोडीला परवाना मिळाल्यावर, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पगाराच्या पायऱ्या लिहून द्या. नापास झालेल्याला डॉकवरची जागा आणि ज्येष्ठता तशीच मिळेल हेही लेखी हवं, नाहीतर घरदार असलेला अनुभवी लोडर अर्ज करणार नाही आणि तुमच्या वाट्याला फक्त पोरसवदा येतील.

तिरका_आरसा

हिशेबनीसांच्या यादीत वजनाचा खर्च जोडा. गाडीच्या शेपटाकडचा माल आधी उतरला की एकूण वजन घटतं, पण मागच्या धुऱ्याच्या पलीकडे लटकलेला भार गेल्यामुळे पुढच्या धुऱ्यावरचं वजन उलट वाढू शकतं. सकाळी काट्यावर पास झालेली गाडी दुपारी एका धुऱ्यावर जास्त भरते आणि दंड होतो. बाहेरून आलेल्या ड्रायव्हरला हे साधारण ठाऊक असतं, पण गाडीत कुठला नग कुठे आहे ते ठाऊक नसतं. लोडरचं नेमकं उलट. म्हणून नवे चार शहरात लावताना पहिले काही आठवडे प्रत्येकाच्या गाडीचा भरण्याचा नकाशा त्यालाच काढायला लावा आणि जुन्या ड्रायव्हरकडून तपासून घ्या. जड नग मागच्या धुऱ्याच्या थोडं पुढे, तळाला. बाकीचे उतरण्याच्या उलट क्रमाने.