लुई आरागाँ : पक्ष आणि कविता

फ्रेंच कवी लुई आरागाँ म्हणजे फक्त कम्युनिस्ट पक्षाचा प्रचारकवी, असं म्हटलं जातं, पण हे मत मला मान्य नाही. प्रचार त्याने केलाच. १९२७ मध्ये तो पक्षात गेला, १९३१ च्या ‘लाल आघाडी’ या कवितेत पोलिसांना ठार मारण्याची भाषा केली आणि त्याच्यावर खटला गुदरला गेला. तेव्हा त्याचा मित्र आंद्रे ब्रेताँ, म्हणजे अतिवास्तववादाचा (तर्कापेक्षा स्वप्न आणि अबोध मनाला महत्त्व देणाऱ्या कलाचळवळीचा) म्होरक्या, त्याच्या बचावासाठी पुढे आला, तर आरागाँने त्यालाच झिडकारलं. ही मैत्री तुटली याचं मला आजही वाईट वाटतं.

पण जर्मनव्याप्त फ्रान्समधल्या कविता वाचा. एकेकाळचा हा अतिवास्तववादी तेव्हा यमकांकडे, मध्ययुगीन कवींच्या वृत्तांकडे वळला. अशा ओळी पाठ होतात, तोंडोतोंडी पसरतात, आणि सेन्सॉरच्या काळात तेच हवं होतं. १९४३ च्या ‘गुलाब आणि रेसेदा’ (रेसेदा हेही एक फूल) या कवितेत देव मानणारा आणि न मानणारा एकाच लढ्यात शेजारी शेजारी मरतात. पक्षाचा माणूस आस्तिकाला असं बरोबरीचं स्थान देतो, हे मला फार मोठं वाटतं.

शिवाय १९६८. कम्युनिस्ट रशियाचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये शिरले तेव्हा त्याने आपल्या ‘ले लेत्र फ्राँसेझ’ या साप्ताहिकातून उघड निषेध केला. कम्युनिस्ट राजवटींच्या पूर्व युरोपातल्या वर्गण्या बंद झाल्या आणि १९७२ मध्ये साप्ताहिक बुडालं. पक्ष मात्र त्याने मरेपर्यंत सोडला नाही.

कादंबऱ्यांपैकी आधी ‘ओरेलियाँ’ घ्या. ती प्रेमकथा आहे, पक्षाची घोषणा तिच्यात शोधून सापडणार नाही.