सबवूफरचे अंतर जास्त दिसते. आकडा बदलावा का?

प्रश्न : पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खोल बास वाजवणारा स्पीकर) अशा ५.१ संचाचे, रिसीव्हरसोबत (स्पीकरांना ध्वनी पुरवणाऱ्या यंत्रासोबत) मिळालेला मायक्रोफोन वापरून, मी स्वयंचलित कॅलिब्रेशन (स्पीकरांची अंतरे आणि आवाज मोजून जुळवणी) केले. बसण्याच्या जागेपासून सबवूफरचे अंतर ४.८ मीटर नोंदवले गेले. टेपने मोजल्यास ते जेमतेम ३ मीटर भरते. शिवाय संवाद दबलेले वाटतात. आकडा हाताने दुरुस्त करावा का?

पहिले उत्तर : तो आकडा कृपया तसाच राहू द्यावा. सबवूफरमधील फिल्टरांमुळे त्याचा आवाज किंचित उशिरा बाहेर पडतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतराच्या रूपात नोंदवतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे आपल्याकडील जास्तीचे १.८ मीटर हा साधारण पाच मिलिसेकंदांचा विलंब आहे. आकडा ‘दुरुस्त’ केलात, तर उलट मेळ बिघडेल.

संवादांचे कारण मात्र वेगळे असावे. मापन करताना मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर ठेवला होता का? तेथे परावर्तित ध्वनी मिसळून मोजमाप फसते. तो तिपाईवर, बसल्यावर कान येतात त्या उंचीवर हवा. त्यानंतर ध्वनिपातळी मापक ‘सी’ भारांकन (खालचे सूरही जवळपास पूर्ण मोजणारी पद्धत) आणि ‘स्लो’ (संथ प्रतिसाद) या स्थितीत ठेवून रिसीव्हरचा चाचणीध्वनी प्रत्येक स्पीकरवर ७५ डेसिबलला जुळवावा. मोबाइलवरील ॲपचा आकडा अचूक नसतो, तथापि एका स्पीकरची दुसऱ्याशी तुलना करण्यापुरते ते चालते.

दुसरे उत्तर : वरील सल्ल्याशी सहमत आहे. एक भर घालतो : क्रॉसओव्हर (ज्या वारंवारतेखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवून त्याच वारंवारतेचा सूर पुढील स्पीकर आणि सबवूफर यांवर एकत्र वाजवावा, सबवूफरवरील फेजचे (इतर स्पीकरांशी ध्वनिलहरींचा मेळ बदलणारे) बटण ० आणि १८० अंशांवर आलटून पालटून पाहावे आणि ज्या स्थितीत बसण्याच्या जागी सूर अधिक भरदार ऐकू येईल ती कायम ठेवावी. खोलीच्या कोपऱ्यात घुमणारा बास याने जात नाही. त्यासाठी सबवूफरच हलवावा लागतो.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. मायक्रोफोन खरोखरच सोफ्याच्या पाठीवर होता. त्याहून लाजिरवाणी बाब म्हणजे मधला स्पीकर फडताळात वीतभर आत सरकलेला होता आणि त्याचे तोंड आमच्या गुडघ्यांकडे होते. तो कडेपर्यंत पुढे ओढला, खाली रबरी पाचर सारून वर तिरका केला आणि मापन पुन्हा घेतले. संवाद आता स्वच्छ ऐकू येतात. सबवूफरचे अंतर या वेळी ४.७ मीटर आले, ते तसेच ठेवले आहे.